पॅलॅडियम-उत्प्रेरित युग्मन विक्रिया

पॅलॅडियम या धातूच्या अल्प प्रमाणातील अस्तित्वात दोन भिन्न कार्बनी रेणूंमधील ठराविक कार्बन अणू एकमेकांस जोडून नवा कार्बन-कार्बन बंध निर्माण करणाऱ्या विक्रियांच्या गटास ‘पॅलॅडियम-उत्प्रेरित युग्मन विक्रिया’ असे म्हणतात. जोडले जाणारे घटक भिन्न असल्याने, म्हणजे ‘अ’ व ‘ब’ यांपासून ‘अ-अ’ वा ‘ब-ब’ न होता मुख्यतः ‘अ-ब’ तयार होत असल्याने, या विक्रिया क्रॉस-कपलिंग या इंग्रजी नावानेही ओळखल्या जातात. औषधे, कीडनाशके व कवकनाशके, द्रवस्फटिक आणि प्रकाश-उत्सर्जक कार्बनी पदार्थ यांच्या संश्लेषणात (साध्या रेणूंपासून जटिल रेणू बनविण्याच्या क्रियेत) त्यांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. यांतील बहुतेक प्रमुख विक्रिया १९६८ ते १९८१ या अल्पावधीत पुढे आल्या. या कार्याबद्दल रिचर्ड एफ. हेक, एई-इची नेगीशी व आकिरा सुझुकी यांना २०१० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या विक्रियांच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातील उत्प्रेरक धातू फारसा बदलला नाही. बदलत गेले ते कार्बनी गट पॅलॅडियमपर्यंत वाहून आणणारे दुसरे मूलद्रव्य. पारा, मॅग्नेशियम, जस्त, कथिल व बोरॉन ही मूलद्रव्ये या कामी क्रमाने आली. प्रत्येक बदलाने आधीची एखादी अडचण दूर केली व बहुधा नवी एखादी उभी केली. विक्रियांना व्यक्तींची नावे मिळाल्यामुळे हा विकास सुट्यासुट्या शोधांची मालिका वाटतो. प्रत्यक्षात तो जपान, अमेरिका व यूरोप येथील अनेक प्रयोगशाळांत एकाच वेळी चाललेला एकच शोध होता.

पूर्वपीठिका : कार्बनी संयुगाचा सांगाडा कार्बन-कार्बन बंधांनी बनलेला असतो. त्यामुळे असा बंध हवा तेथे निर्माण करता येणे हा संश्लेषणाचा गाभा होय. मात्र कार्बन अणू सहजासहजी एकमेकांस जोडले जात नाहीत. त्यासाठी त्यांपैकी किमान एक तरी अधिक विक्रियाशील करावा लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल आदॉल्फ व्युर्ट्स (१८१७–८४) यांनी १८५५ मध्ये अल्किल हॅलाइडांवर सोडियमाची विक्रिया करून दोन अल्किल गट जोडून दाखविले. दोन्ही हॅलाइडे एकच असतील तर ही पद्धत ठीक चालते. ती भिन्न असतील, तर मात्र तीन प्रकारचे पदार्थ मिश्र स्वरूपात मिळतात व ते वेगळे करणे कष्टाचे होते.

बेंझीन वलये परस्परांस जोडण्यासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्स उलमान (१८७५–१९३९) यांनी १९०१ मध्ये तांब्याच्या चूर्णाचा उपयोग केला. या विक्रियेस सु. २००° से. तापमान व तांब्याचे मोठे प्रमाण लागे. एवढे तापमान नाजूक रेणूंना सोसत नाही. १९०० मध्ये व्हीक्तॉर ग्रीन्यार (१८७१–१९३५) यांनी मॅग्नेशियमयुक्त कार्बनी संयुगे प्रचारात आणली व कार्बन-कार्बन बंध साधण्याचे एक प्रभावी साधन उपलब्ध झाले. या विक्रियाकारकातील मॅग्नेशियमला जोडलेला कार्बन इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतो. त्यामुळे तो आल्डिहाइडे व कीटोने यांच्यावर सहज विक्रिया करतो. तथापि वलयाला किंवा द्विबंधातील कार्बनला घट्ट जोडलेल्या हॅलोजनाची जागा त्याला सहसा घेता येत नाही. ही मर्यादा पुढील सत्तर वर्षे कायम राहिली.

अमेरिकेतील मॉरिस खराश (१८९५–१९५७) यांनी १९४१ मध्ये ग्रीन्यार विक्रियाकारक व ॲरिल हॅलाइड यांच्या मिश्रणात कोबाल्ट क्लोराइड अल्प प्रमाणात मिसळले असता निराळीच विक्रिया घडते असे दाखविले. येथे वलये जोडली गेली, पण ती मुख्यत्वे एकाच प्रकारची होती. संक्रमणी धातूंच्या (ज्यांच्या अणूंतील आतील इलेक्ट्रॉन कवच अपूर्ण असते अशा धातूंच्या) लेशमात्र अस्तित्वाने विक्रियेची दिशा बदलू शकते, हे मात्र या प्रयोगांनी स्पष्ट केले. पुढील काळातील शोधांचे बीज येथे दिसते.

पॅलॅडियम व वॅकर पद्धती : पॅलॅडियम (अणुक्रमांक ४६) हे मूलद्रव्य विल्यम हाइड वुलस्टन (१७६६–१८२८) यांनी १८०२ मध्ये प्लॅटिनमाच्या धातुकापासून वेगळे केले. त्याच वर्षी सापडलेल्या पॅलस या लघुग्रहावरून त्याला नाव देण्यात आले. हा धातू शून्य व +२ या दोन ऑक्सिडीभवन अवस्थांमध्ये सहजपणे ये-जा करतो आणि त्याच्या संयुगांत कार्बनी गट तात्पुरते बांधले जातात. युग्मन विक्रियांतील त्याचे सामर्थ्य मुख्यतः या दोन गुणधर्मांत आहे. [⟶ उत्प्रेरण].

एथिलीन वायूमुळे पॅलॅडियम क्लोराइडाच्या जलीय विद्रावातून धातू अवक्षेपित होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्ञात झाले होते. या क्रियेत एथिलिनापासून ॲसिटाल्डिहाइड तयार होते. परंतु दर रेणूमागे पॅलॅडियमचा एक अणू खर्ची पडत असल्याने तिला औद्योगिक मोल नव्हते. १९५९ मध्ये युर्गेन श्मिट व त्यांचे जर्मनीतील सहकारी यांनी तांब्याच्या क्लोराइडाची जोड देऊन हा अडसर दूर केला. अवक्षेपित होऊ पाहणाऱ्या पॅलॅडियमचे तांब्यामुळे पुन्हा ऑक्सिडीभवन होते व क्षपण (ऑक्सिडीभवनाच्या उलट क्रिया) झालेले तांबे हवेतील ऑक्सिजनाने पूर्ववत होते. वॅकर पद्धती या नावाने ही प्रक्रिया प्रसिद्धी पावली. महाग धातू लेशमात्र वापरून टनावारी माल काढता येतो, हे तिने सिद्ध केले आणि पॅलॅडियमकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. जपानमध्ये जिरो त्सुजी यांनी १९६५ मध्ये पॅलॅडियमच्या साहाय्याने कार्बन-कार्बन बंध तयार करता येतो असे दाखविले. १९६७ मध्ये युझो फुजिवारा व इचिरो मोरितानी यांनी बेंझीन व स्टायरीन यांचा पॅलॅडियमद्वारा संयोग घडवून आणला.

हेक विक्रिया : रिचर्ड एफ. हेक (१९३१–२०१५) हे अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील हर्क्युलीस या रसायन-उद्योगात संशोधक होते. १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’ या नियतकालिकात त्यांनी या विषयावर लागोपाठ सात लेख प्रसिद्ध केले. त्यांत पारायुक्त ॲरिल संयुगातील ॲरिल गट पॅलॅडियमकडे जातो व तेथून एथिलिनासारख्या अल्किनाच्या द्विबंधातील कार्बनला जोडला जातो, असे दाखविले होते. शेवटी पॅलॅडियम हायड्रोजनाचा एक अणू घेऊन बाहेर पडते व द्विबंध पुन्हा प्रस्थापित होतो. एका हायड्रोजनाची जागा वलय घेते, असा याचा निष्कर्ष होय.

या मूळ पद्धतीत दोन उणिवा होत्या. पाऱ्याची संयुगे विषारी असून ती विक्रियेला लागणाऱ्या पूर्ण प्रमाणात घ्यावी लागत. शिवाय पॅलॅडियम शेवटी धातुरूपात काळ्या चूर्णासारखे खाली बसे व ते पुन्हा वापरण्यासाठी वॅकर पद्धतीप्रमाणे तांब्याचे लवण मिसळावे लागे. या दोन्हींवर एकाच वेळी उपाय सापडला. टोकिओ तंत्रविद्या संस्थेतील त्सुतोमु मिझोरोकी (१९३३–८०) व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये पारायुक्त संयुगाऐवजी आयोडोबेंझीन हे सहज मिळणारे संयुग, पॅलॅडियम क्लोराइड व पोटॅशियम ॲसिटेट हे क्षारक (अम्लाचे उदासिनीकरण करणारा पदार्थ) वापरून तेच उत्पाद मिळविले. हेक व त्यांचे विद्यार्थी नॉली यांनी स्वतंत्रपणे याच निष्कर्षास येऊन १९७२ मध्ये आपला लेख प्रसिद्ध केला व त्यात मिझोरोकींच्या कार्याचा निर्देश केला.

या बदलाचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. आयोडोबेंझीन शून्य अवस्थेतील पॅलॅडियमशी थेट संयोग पावते. त्यामुळे विक्रियेअखेर उरणारे शून्य अवस्थेतील पॅलॅडियम हा टाकाऊ अवशेष न राहता पुढील फेरीचा आरंभबिंदू ठरतो. बाहेरून ऑक्सिडीकारक घालण्याचे कारण उरत नाही. निर्माण होणारे हायड्रोआयोडिक अम्ल क्षारकाने शोषले की पुरे होते. येथून पॅलॅडियम खऱ्या अर्थाने उत्प्रेरक बनले. फॉस्फीन या वर्गातील संयुगे धातूला जोडली असता ते अवक्षेपित होत नाही, हे हेक यांनी १९७४ मध्ये दाखविले. धातूला अशा रीतीने जोडल्या जाणाऱ्या रेणूस वा गटास लिगंड म्हणतात. या विक्रियेस आता बहुधा मिझोरोकी-हेक विक्रिया असे संबोधितात.

निकेल व ग्रीन्यार विक्रियाकारक : याच सुमारास दुसऱ्या दिशेनेही प्रगती होत होती. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये रोबेर कोर्यू व जपानमधील क्योटो येथे माकोतो कुमादा आणि कोहेइ तामाओ यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे असे दाखविले की, निकेलाचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरल्यास ग्रीन्यार विक्रियाकारक वलयाला जोडलेल्या हॅलोजनाची जागा घेऊ शकतो. सत्तर वर्षांची मर्यादा येथे ओलांडली गेली व दोन निरनिराळे घटक निवडून जोडण्याची पद्धत हाती आली. १९७५ मध्ये मुराहाशी यांनी निकेलाच्या जागी पॅलॅडियम वापरले. तथापि ग्रीन्यार विक्रियाकारक अतिशय विक्रियाशील असतो. रेणूमध्ये कीटोन, एस्टर यांसारखा गट असल्यास तो त्यावरही हल्ला करतो. पाणी व हवा यांचा स्पर्शही त्याला चालत नाही. म्हणून जोडीदार मूलद्रव्य बदलण्याची आवश्यकता भासू लागली.

विक्रियेची यंत्रणा : या सर्व विक्रियांमागील चक्र तीन टप्प्यांचे आहे. पहिल्या टप्प्यात शून्य अवस्थेतील पॅलॅडियम कार्बन व हॅलोजन यांच्यामधील बंधात शिरते. परिणामी कार्बनी गट व हॅलोजन हे दोन्ही धातूला जोडले जातात व धातूची अवस्था +२ होते. याला ऑक्सिडीभवनी समावेशन म्हणतात. दुसऱ्या टप्प्यात जस्त, कथिल वा बोरॉन यांसारखे मूलद्रव्य आपल्याकडील कार्बनी गट पॅलॅडियमला देऊन त्याबदली हॅलोजन घेते. हा धातुविनिमय होय. (बोरॉन हा खऱ्या अर्थाने धातू नसला, तरी सोयीसाठी हीच संज्ञा वापरतात.) आता एकाच धातू अणूवर दोन भिन्न कार्बनी गट शेजारी आलेले असतात. तिसऱ्या टप्प्यात ते दोन गट परस्परांस जोडले जाऊन बाहेर पडतात व धातू शून्य अवस्थेत परततो. याला क्षपणी निरसन म्हणतात. मिझोरोकी-हेक विक्रियेत पहिला टप्पा हाच असतो, पण पुढे धातुविनिमय न होता द्विबंधाचे अंतर्निवेशन (दोन गटांमध्ये शिरणे) होते. म्हणून काटेकोर अर्थाने ती युग्मन विक्रियांच्या सीमेवर असून ऐतिहासिक कारणांमुळे तिचा समावेश या गटात करतात.

पहिला टप्पा आयोडाइडांच्या बाबतीत सर्वांत सुलभ, ब्रोमाइडांच्या बाबतीत त्याहून कठीण व क्लोराइडांच्या बाबतीत सर्वांत कठीण असतो. कारण कार्बन-क्लोरीन बंध अधिक बळकट आहे. ॲरिल क्लोराइडे मात्र सर्वांत स्वस्त असतात. पुढील संशोधनावर या विसंगतीचा मोठा प्रभाव पडला.

जस्त, त्रिबंध व कथिल : एई-इची नेगीशी (१९३५–२०२१) यांचा जन्म मँचुरियात झाला. जपानमध्ये शिक्षण व नोकरी झाल्यावर त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट १९६३ मध्ये मिळविली. पुढे परड्यू विद्यापीठात हर्बर्ट सी. ब्राउन (१९१२–२००४) यांच्या हाताखाली त्यांनी बोरॉन संयुगांवर काम केले. सिरॅक्यूस विद्यापीठात असताना त्यांनी निरनिराळ्या धातूंची कार्बनी संयुगे क्रमवार तपासली. १९७६ मध्ये ॲल्युमिनियमाची व १९७७ मध्ये जस्ताची संयुगे पॅलॅडियमच्या साहाय्याने युग्मनास उपयुक्त असल्याचे त्यांनी दाखविले. जस्ताची कार्बनी संयुगे एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८४९ मध्येच तयार केली होती. परंतु ग्रीन्यार विक्रियाकारकाच्या आगमनानंतर ती मागे पडली होती. ज्या सौम्यपणामुळे ती दुर्लक्षित झाली, तोच आता गुण ठरला. कार्बनला जोडलेले जस्त एस्टर वा नायट्राइल गटांना धक्का लावीत नाही, परंतु पॅलॅडियमला आपला कार्बनी गट त्वरेने देते.

१९७५ मध्ये ओसाका विद्यापीठातील केनकिची सोनोगाशिरा व त्यांचे सहकारी यांनी त्रिबंध असलेल्या ॲसिटिलीन वर्गातील संयुगांचे युग्मन पॅलॅडियम व क्युप्रस आयोडाइड यांच्या एकत्रित साहाय्याने सामान्य तापमानास घडवून आणले. त्याच वर्षी तांब्याशिवाय होणारी अशीच विक्रिया हेक व इटलीतील कास्सार यांनीही वर्णिली. डीएनए रेणूच्या घटकांना प्रतिदीप्तिमान (प्रकाश पडताच स्वतः प्रकाश देणारे) रंजक जोडण्यासाठी हे युग्मन उपयोगी पडले. डीएनएतील घटकक्रम स्वयंचलित रीत्या वाचण्याच्या तंत्रात त्याचा उपयोग झाला.

कथिलाची कार्बनी संयुगे हवा व पाणी यांत टिकतात व बहुतेक गटांना उपद्रव देत नाहीत. जपानमधील गुन्मा विद्यापीठातील मासानोरी कोसुगी व तोशिहिको मिगीता यांनी १९७७ मध्ये त्यांचा युग्मनासाठी उपयोग केला. १९७८ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील जॉन के. स्टिली (१९३०–८९) व डेव्हिड मिल्स्टाइन यांनी तो विस्ताराने विकसित केला. जटिल नैसर्गिक पदार्थांच्या संश्लेषणात ही विक्रिया लोकप्रिय झाली. परंतु कथिलाची अशी अनेक संयुगे विषारी असून उत्पादातून त्यांचे अंश पूर्णपणे काढणे अवघड जाते. त्यामुळे औषधनिर्मितीत ती वापरण्यास मर्यादा पडल्या. १९८९ मध्ये विमान अपघातात स्टिली यांचे अकाली निधन झाले.

बोरॉन : बोरॉन-कार्बन बंध इतका स्थिर असतो की, त्यातील कार्बनी गट पॅलॅडियमकडे जाणार नाही असे पुष्कळांना वाटत होते. होक्काइडो विद्यापीठातील आकिरा सुझुकी (जन्म १९३०) यांना बोरॉन रसायनाची गोडी ब्राउन यांच्या ‘हायड्रोबोरेशन’ (१९६२) या ग्रंथामुळे लागली. १९६३ ते १९६५ या काळात त्यांनी परड्यू येथे ब्राउन यांच्याकडे काम केले. नेगीशी व सुझुकी हे दोघेही असे एकाच गुरूच्या प्रयोगशाळेतून आले होते. ब्राउन यांना १९७९ मध्ये गेओर्ग व्हिटिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनी प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. बोरॉनभोवती इलेक्ट्रॉनांची उणीव असल्यामुळे त्याला जोडलेला कार्बन पुरेसा इलेक्ट्रॉनसमृद्ध नसतो. विक्रियेत क्षारक मिसळल्यास ते बोरॉनला चिकटते व त्याच्यावर ऋण विद्युत् भार आणते, किंवा पॅलॅडियमवरील हॅलोजनाची जागा घेते. दोन्ही प्रकारे कार्बनी गटाचे स्थलांतर सुकर होते. यांपैकी कोणता मार्ग प्रमुख याविषयी संशोधकांत दीर्घकाळ चर्चा चालली. पण व्यवहारात एका साध्या क्षारकाच्या मिश्रणाने अशक्य वाटणारी विक्रिया शक्य झाली. १९८१ मध्ये फिनिलबोरॉनिक अम्ल व सोडियम कार्बोनेटाचा जलीय विद्राव वापरून दोन वलये जोडण्यात आली. उलमान यांनी तांब्याच्या साहाय्याने तीव्र उष्णतेत केलेले कार्य आता सौम्य तापमानास, पाण्याच्या सान्निध्यात व भिन्न वलये निवडून करता येऊ लागले. बोरॉनिक अम्ले घनरूप असून त्यांपैकी पुष्कळशी बाटलीत साठविता येतात. विक्रियेनंतर उरणारी बोरॉनची लवणे फारशी विषारी नसून पाण्याने धुऊन काढता येतात. सुझुकी यांनी या विक्रियेचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. तिचा प्रसार जलद होण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

हार्व्हर्ड विद्यापीठातील योशितो किशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅलिटॉक्सीन या सागरी विषाच्या संश्लेषणात बोरॉन युग्मनाचा उपयोग केला. या रेणूत कार्बनाचे १२९ अणू आहेत. १९८९ मध्ये पॅलिटॉक्सीन कार्‌बॉक्सिलिक अम्लाचे व १९९४ मध्ये प्रत्यक्ष पॅलिटॉक्सिनाचे संश्लेषण जाहीर झाले. एवढ्या मोठ्या व नाजूक रेणूचे दोन भाग एकमेकांस जोडता येणे ही या विक्रियेच्या सौम्यतेची कसोटीच होती.

नंतरचा विकास : १९८८ मध्ये तामेजिरो हियामा यांनी सिलिकॉनाच्या संयुगांचा उपयोग करून दाखविला. कार्बन-कार्बन बंधाप्रमाणेच कार्बन-नायट्रोजन बंधही याच तत्त्वावर तयार होतो, याची सुरुवात मिगीता यांनी १९८३ मध्ये कथिलाच्या साहाय्याने केली होती. १९९५ मध्ये स्टीव्हन बुकवॉल्ड व जॉन हार्टविग यांनी स्वतंत्रपणे कथिलाची गरज नाहीशी केली. १९९८ च्या सुमारास बुकवॉल्ड व ग्रेगरी फू यांनी मोठ्या आकाराची व इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक अशी फॉस्फिने लिगंड म्हणून वापरून ॲरिल क्लोराइडांचेही युग्मन सुलभ केले. जोडीदार मूलद्रव्याचा शोध बऱ्याच अंशी पूर्ण झाल्यावर संशोधनाचा रोख लिगंडांकडे वळला, असे यावरून दिसते.

उद्योगातील उपयोग : रक्तदाबावरील लोसार्टान या औषधातील दोन वलयांचा सांगाडा जोडण्यासाठी बोरॉन युग्मनाचा उपयोग करण्यात आला. नाप्रोक्सेन या वेदनाशामकाच्या एका औद्योगिक पद्धतीत ब्रोमिनयुक्त नॅप्थॅलीन संयुगाचा एथिलिनाशी मिझोरोकी-हेक विक्रियेने संयोग घडवितात. दमा-विकारावरील माँटेल्युकास्टच्या संश्लेषणातही ही विक्रिया वापरली गेली आहे. बोस्कॅलिड या कवकनाशकाच्या निर्मितीत बोरॉन युग्मन हा एक टप्पा असून त्याचे उत्पादन वर्षास १,००० टनांहून अधिक झाले आहे. दर्शकपट्टांतील द्रवस्फटिक व प्रकाश-उत्सर्जक पदार्थ यांचे बरेच रेणू परस्परांस जोडलेल्या वलयांचे बनलेले असल्याने तेही या विक्रियांनी तयार करतात.

मर्यादा : पॅलॅडियम दुर्मिळ आहे. त्याचे उत्पादन मुख्यतः रशिया व दक्षिण आफ्रिका या दोन देशांत एकवटलेले असून मोटारगाड्यांच्या निष्कास वायूंच्या शुद्धीकरणासाठी त्याचा सर्वाधिक खप होतो. मार्च २०२२ मध्ये त्याची किंमत औंसास ३,००० डॉलरांच्या वर गेली होती. औषधात त्याचे अंश राहू नयेत यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार तोंडाने घ्यावयाच्या औषधातून दररोज १०० मायक्रोग्रॅमहून (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दशलक्षांश भाग) अधिक पॅलॅडियम शरीरात जाता कामा नये. म्हणून ते वेगळे करण्याचा खर्च विक्रियेच्या खर्चात धरावा लागतो. स्वस्त व विपुल निकेलाकडे संशोधक पुन्हा वळत आहेत. १९७२ मध्ये युग्मनाचा प्रारंभ ज्या धातूने झाला त्याच्याकडेच हा मार्ग परत आला आहे.

धातूच्या सूक्ष्म अंशाचा प्रभाव किती असतो, हे एका प्रसंगावरून कळून येते. २००३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी कोणत्याही संक्रमणी धातूविना बोरॉन युग्मन घडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनीच पुन्हा काळजीपूर्वक तपासणी केली, तेव्हा वापरलेल्या सोडियम कार्बोनेटात अब्ज भागांत सु. ५० भाग एवढे पॅलॅडियम अशुद्धी म्हणून असल्याचे आढळले व तेवढ्याने विक्रिया घडत होती, असे त्यांनी २००५ मध्ये जाहीर केले. स्वतःचा निष्कर्ष स्वतःच तपासून दुरुस्त करण्याचे हे उदाहरण अनुकरणीय आहे.

विक्रिया सुलभ असली की तिने जे बनते तेच अधिक बनविले जाते, हीदेखील एक मर्यादा आहे. औषध-संशोधनातील विक्रियांचे १९८४ व २०१४ या वर्षांतील लेखांवरून केलेले एक तुलनात्मक विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या विक्रियांपैकी केवळ दोन १९८० नंतरच्या दोन दशकांत रूढ झालेल्या असून त्या बोरॉन युग्मन व बुकवॉल्ड-हार्टविग विक्रिया याच आहेत, असे त्यात आढळले. त्यामुळे सपाट वलये जोडून बनलेल्या रेणूंचा भरणा वाढला व इतर आकारांचे रेणू तुलनेने कमी तपासले गेले, असेही त्यात दर्शविण्यात आले. नवे औषध कोणते सापडेल हे काही अंशी हाताशी कोणती विक्रिया आहे यावर ठरते, ही गोष्ट यामुळे लक्षात येते.

श्रेय व नामकरण : नोबेल पारितोषिक एका विषयात एका वर्षी तिघांहून अधिक व्यक्तींना देता येत नाही व ते दिवंगत व्यक्तीस देत नाहीत. २०१० मध्ये मिझोरोकी व स्टिली हयात नव्हते. कोर्यू, कुमादा, मुराहाशी, सोनोगाशिरा, कोसुगी, मिगीता, त्सुजी व मियाउरा यांचे कार्य या विकासाचे अविभाज्य घटक असूनही ते पारितोषिकाच्या कक्षेबाहेर राहिले. हेक हे १९८९ मध्ये डेलावेअर विद्यापीठातून निवृत्त झाले होते व पुढे पत्नीच्या मायदेशी, फिलिपीन्समध्ये राहू लागले. त्यांच्या कार्याचे मोल उद्योगांना पूर्णपणे उमगले ते त्यांनी प्रयोगशाळा सोडल्यानंतर. पारितोषिक मिळाले तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. २०१५ मध्ये मॅनिला येथे त्यांचे निधन झाले.

विक्रियेला एखाद्याचे नाव देणे ही सोय आहे, इतिहासाचा निवाडा नव्हे. ‘मिझोरोकी-हेक’, ‘सुझुकी-मियाउरा’ व ‘मिगीता-कोसुगी-स्टिली’ अशी जोडनावे रूढ होत गेली, यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ही उणीव काही अंशी भरून काढली असे म्हणता येईल. पारायुक्त संयुगांपासून बोरॉनिक अम्लांपर्यंतचा प्रवास एखाद्या एका व्यक्तीच्या प्रतिभेने झालेला नाही. प्रत्येकाने आधीच्याची अडचण ओळखून जोडीदार बदलला, म्हणून तो होऊ शकला.